समदं दादाचंच हाय

आषाढ अर्धा सरला तरी ज्ञानू पाटलाचं ओघळीकडचं खाचर लावायचं राहिलं होतं. गावात पॉवर टिलर दोनच, आणि दोन्ही वरच्या वाडीत अडकलेले. वाट बघून तिसऱ्या दिवशी एकदाचा टिलर आला, चिखल झाला, आणि ज्ञानूच्या बायकोनं, बाळाबाईनं, पैऱ्याच्या सहा बायका सकाळी सातलाच वावरात उभ्या केल्या. पैरा म्हणजे आज तुम्ही आमच्यात, उद्या आम्ही तुमच्यात. त्यात पैसा नाही, पण दिवस चुकवला तर गाव विसरत नाही.

लेक क्रांती तरव्याच्या पेंड्या वाहत होती. उपटलेलं रोप, मुळाला चिखल, पेंडी डोक्यावर घेतली की गार पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. दहा खेपा झाल्यावर पाठीला ते कळेनासं झालं. तिचा फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ओघळीच्या बांधावरच्या जांभळाच्या फांदीला टांगलेला होता. पेंड्या टाकून झाल्या की ती हात धुवायची, ओढणीला पुसायची आणि फोन काढायची.

क्रांती तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. यंदा 'डिजिटल साक्षरता' नावाचा नवा विषय लागला होता. शिकवायला संयोगिता मॅडम. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, की प्रत्येकानं स्वतःची ऑनलाइन ओळख तयार करायची, अडीच महिने ती चालवायची आणि शेवटी आपण काय शिकलो त्यावर चार पानं लिहायची. कुणी मेंदीचं पेज काढलं, कुणी क्रिकेटचं. क्रांतीकडं दाखवण्यासारखं काय होतं? डोंगर होता, पाऊस होता आणि राबणारी माणसं होती. तिनं 'डोंगरातली शेती' नावाचं चॅनेल काढलं.

पहिल्या व्हिडिओत तिनं पेंडी कशी बांधायची ते दाखवलं होतं. "आता मी तुमास्नी गाठ मारून दाखवतो," असं ती म्हणाली होती. खाली सतरा कॉमेंटी आल्या. त्यातल्या बारा एकाच गोष्टीवर होत्या. 'दाखवतो? ताई आहेस की दादा?' गावात सगळ्याच बायका 'येतो, जातो, करतो' म्हणत होत्या. क्रांतीला त्यात काही वेगळं आहे हे एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या व्हिडिओपासून ती 'दाखवते' म्हणायला लागली. म्हणताना जीभ जरा अडखळायची.

मॅडम म्हणाल्या होत्या, "नुसतं दाखवू नका. प्रश्न विचारा. माणसांना बोलतं करा."

म्हणून त्या दिवशी तिनं बापाला बोलतं केलं. ज्ञानू खोऱ्यानं चिखल ओढून बांधाची मेर लिंपत होता. गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ.

"आबा, हिकडं बघा. मी इचारतो त्याचं उत्तर द्या."

"आता? आगं हात बघ माजं."

"असू द्यात की. तसंच पायजे." तिनं फोन आडवा धरला, आवाज बदलला. "तर मित्रांनो, हे माझे वडील. आबा, हे खाचर कुणाचं आहे?"

वाकलेल्या बायका हसायला लागल्या. ज्ञानू लाजला. पन्नाशीचा माणूस, पण आजवर त्याला असं समोर उभं करून कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं खोरं बाजूला टेकवलं, खोळ सरळ केली आणि मान खाली घालून म्हणाला, "समदं दादाचंच हाय. आमी आपलं करून खातोय."

"थोरल्यावर लई माया," बनाबाई वाकल्या वाकल्या म्हणाली. साठी उलटलेली ही शेजारीण पैऱ्यात सगळ्यांत जुनी.

पावण्यानं दावणीची म्हैस कुणाची म्हणून विचारलं तर "तुमचीच की" म्हणायचं, तशातलंच ते बोलणं. ज्ञानूचा थोरला भाऊ गणपती दोन वेळा पंचायतीत निवडून आला होता, तेव्हापासून गाव त्याला गणपतराव म्हणायचं. ज्ञानू ज्ञानूच राहिला. दोघांचा बाप दौलू, म्हणजे बापू, शेवटची दोन वर्षं अंथरुणात होता, ती ज्ञानूच्या घरात काढली. मरायच्या आधल्या पावसाळ्यात म्हातारा म्हणाला होता, ओघळीकडची पट्टी तू करत जा. चार गुंठ्यांची पट्टी, पण बारमाही पाण्याला लागलेली. ज्ञानूनं मधली मेर काढून ती आपल्या खाचरात घेतली आणि चौदा वर्षं करत आला. कागदावर ती कुणाकडं आहे हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

क्रांतीनं संध्याकाळी टेकावर रेंजमध्ये जाऊन व्हिडिओ टाकला.

तीन दिवसांत तो अकरा हजार लोकांनी बघितला. गणपतरावांचा मुलगा धैर्यशील कोल्हापूरला एमआयडीसीत कामाला होता. त्यानं 'आमचे काका, सोन्यासारखा माणूस' असं लिहून तो पुढं पाठवला, तिथून तो पसरला. शनिवारी गावी आल्यावर धैर्यशील मुद्दाम घरी आला. "क्रांती, तू तर फेमस झालीस की. काका, तुमीबी." ज्ञानू हसला. बाळाबाईनं धैर्यशीलला चहा दिला.

आकड्यांत क्रांती वर्गात पहिली आली. मॅडमनी फळ्यावर तिचे आकडे लिहिले. तिला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, पण काहीतरी झालं. गाडीला उभी असताना ती दर थोड्या वेळानं आकडा बघायची.

कॉमेंटी मात्र तिनं घरात सगळ्या वाचून दाखवल्या नाहीत. व्हिडिओत मागं बाळाबाईचे पाय दिसत होते. पैऱ्यात आठ दिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडलेली. कुणीतरी तेवढेच पाय मोठे करून खाली चिकटवले होते. बाळाबाई चौथी शिकलेली. ती मागं येऊन उभी राहिली आणि एक एक अक्षर लावत वाचायला लागली.

"पायाचं काय म्हनत्यात?"

"काय न्हाय. लई कष्ट हाय म्हनत्यात."

 त्यानंतर क्रांतीनं फोन काढला की बाळाबाई बसल्या जागी पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची.

ज्ञानू बाजारादिवशी तालुक्याला गेला तेव्हा चहाच्या गाड्यावर एक जण म्हणाला, "काय पावणं, समदं दादाचंच का?" आजूबाजूचे हसले. ज्ञानूही हसला. पुढच्या बाजारीही कुणीतरी तेच म्हणालं. तिसऱ्या बाजारी तो त्या गाड्यावर गेला नाही. मीठ आणि तंबाखू घेऊन सरळ एसटीला येऊन बसला.

श्रावणात कोतवाल कागद घेऊन आला. ज्ञानूची सही घेतली, पाणी प्याला आणि काही न सांगता निघून गेला. क्रांतीनं कागद वाचला. गणपती दौलू पाटील यांनी अर्ज केला होता, की ओघळीकडची पट्टी त्यांच्या हिश्श्यातली आणि त्यांच्याच वहिवाटीची आहे, सामनेवाले ज्ञानू दौलू पाटील त्यात अडथळा करत आहेत, त्यांना मनाई व्हावी.

"दादानं?" ज्ञानू म्हणाला. "न्हाय. तू चुकून वाचलीस."

तिनं पुन्हा वाचला. नावं तीच निघाली.

दुपारी तो भावाकडं गेला. क्रांतीला म्हणाला, "कागद घे आनि चल." गणपतरावांचं घर रस्त्याच्या कडेला, पुढं फरशीचा सोपा. ज्ञानू पायरीशी चप्पल काढून भिंतीला टेकून बसला. बाळाबाईची थोरली जाऊ, जिला सगळं गाव आक्काच म्हणायचं, चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

गणपतराव कागदाकडं न बघताच म्हणाले, "ज्ञानू, मनात धरू नको. रिसॉर्टवाला आलाय. माजं वरचं वावर घेतो म्हनतोय, पन वघळीपतोर सलग असंल तरच. पानी पायजे त्येला. धैर्यशीलला पुण्यात काय तरी करायचं हाय. मी तरी काय करू?"

"पन दादा, बापू म्हनलंते मला, कर म्हनून."

"म्हनलं असतील की. कर म्हनलंते. घे म्हनलं न्हवतं."

ज्ञानूनं बशीतला चहा संपवला. बशी फरशीवर ठेवताना आवाज होऊ नये म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी ठेवली.

"कचेरीत काय व्हईल ते व्हईल," गणपतराव म्हणाले. "आपल्यात भांडान न्हाय."

निघताना आक्कानं क्रांतीच्या हातात परड्यातल्या चार काकड्या दिल्या. बाप पुढं, लेक मागं, अशी दोघं घरी आली. काकड्या दोन दिवस चुलीमागं पडून होत्या. मग बाळाबाईनं त्या म्हशीला घातल्या.

ज्ञानूनं वकील दिला नाही. भांडणच नाही तर वकील कशाला, असं त्याचं म्हणणं. साक्षीला म्हणून त्यानं बनाबाईला तयार केलं. भाद्रपद लागला त्या आठवड्यात तारीख होती. सकाळच्या एसटीनं क्रांतीसकट तिघं तालुक्याला गेली. ज्ञानूनं लग्नाकार्याचा धुतलेला सदरा घातला होता. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचं पाणी वाहत होतं. दहापासून ती बाकड्यावर बसली. समोरच्या बाकड्यावर गणपतराव, त्यांचा वकील आणि धैर्यशील. मधे चार फुटांची फरशी. धैर्यशील एकदाच क्रांतीकडं बघून मान हलवून हसल्यासारखा झाला, मग फोनमध्ये बघत बसला.

पुकारा झाला तेव्हा तीन वाजून गेले होते. आत साहेब, एक कारकून आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. बनाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून सांगितलं, "चौदा वर्सं ज्ञानूच करतोय. मी सोता लावणीला आस्तो. द्येवाची आन."

कारकुनानं लिहून घेतलं. मग वकील उठला.

"साहेब, सामनेवाल्यांच्या मुलीनं स्वतःच जाहीर केलेला व्हिडिओ आहे. तारीख त्यावर आहे. जागा वादातलीच आहे, मागं ओघळीवरचं जांभळाचं झाड दिसतं."

त्यानं टेबलावर फोन उभा केला. क्रांती दाराशी होती. तिथून तिला पडदा दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. आधी बेडकांचा आवाज आला, मग बायकांचं हसणं. मग तिचा आवाज, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. तर मित्रांनो. मग बाप. समदं दादाचंच हाय. आमी आपलं करून खातोय.

पंख्यामुळं साहेबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पंखा बंद करायला लावला आणि पुन्हा लावा म्हणाले. वकिलानं पुन्हा लावलं.

"आवाज तुमचाच का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"मग?"

"तसं म्हनायचं असतंय सायेब."

"तसं म्हणजे कसं?"

ज्ञानूनं भावाकडं बघितलं. गणपतराव छत्रीच्या मुठीवरचं सुटलेलं प्लास्टिक नखानं सोलत होते. "थोरला हाय त्यो," ज्ञानू म्हणाला.

कारकुनानं पेन उचलून विचारलं, "हे कसं लिहू साहेब?"

"'व्हय' एवढं लिहा."

वकिलानं आणखी एक कागद पुढं केला. सरकारचं पीक नोंदीचं ॲप होतं, त्यावर दर खरिपाला ज्यानं त्यानं आपल्या शेतात उभं राहून फोटो काढून पीक नोंदवायचं होतं. गेली तीन वर्षं त्या पट्टीतलं भात गणपती दौलू पाटील या नावावर नोंदलेलं होतं. फोटो होते. तरव्याच्या हिरव्या ओळी, ज्ञानूनं आणि बाळाबाईनं लावलेल्या.

"तुम्ही नोंद केली होती का?" साहेबांनी विचारलं.

"ते काय असतंय?" ज्ञानू म्हणाला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "घरात शिकलेलं कुणी नाही का?"

ज्ञानू मागं वळला नाही. बनाबाई वळली. क्रांती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दर ऑगस्टला फोनवर त्या ॲपचा मेसेज यायचा. ती तो अंगठ्यानं बाजूला सारायची. यंदाही सारला होता. त्या दिवशी ती कॉमेंटी मोजत होती.

परतीच्या गाडीत बनाबाईला खिडकीशी जागा मिळाली. ज्ञानू आणि क्रांती उभी होती. घाटाच्या वळणांवर गाडी कलली की दोघंही एकाच दांड्याला धरायची. दोघांचे हात शेजारी शेजारी होते.  उतरल्यावर ज्ञानू म्हणाला, "म्हशीला वैरन न्हाय," आणि विळा घेऊन तसाच धुतलेल्या सदऱ्यात डोंगराकडं गेला.

क्रांतीनं त्या संध्याकाळी व्हिडिओ काढून टाकला. तुम्हाला खात्री आहे का, असं फोननं विचारलं. तिनं हो दाबलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या अनुजानं 'हे बघ' म्हणून तिला एक लिंक पाठवली. दुसऱ्याच कुठल्या तरी पेजवर तोच व्हिडिओ होता, मागं सनईचं संगीत लावलेलं, वर मोठ्या अक्षरांत 'असा भाऊ आता होणे नाही'. सव्वा लाख लोकांनी बघितलेला. तिनं पेजवाल्याला कृपया काढा असं लिहिलं. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं. मग लिहायचं सोडलं.

घरात कुणी तिला रागावलं नाही. रागावलं असतं तर रडता आलं असतं. बाळाबाई पहाटे उठायची, भाकऱ्या थापायची, वावरात जायची. एकदा फक्त, भांगलताना शेजारच्या ओळीतून, मान वर न करता तिनं विचारलं, "तुला कोन म्हनलंतं आबाला इचार म्हनून?"

"मॅडम."

"मॅडमला वावर हाय?"

"ठावं न्हाय."

बाळाबाईनं तण उपटून मागं टाकलं. 

निकालाचा कागद पंधरा दिवसांत आला. पट्टीवर ज्ञानूची वहिवाट शाबीत होत नव्हती. वर दाद मागता येईल असं खाली छापलेलं होतं. क्रांतीनं तेही वाचलं. ज्ञानू ऐकत होता की नाही कळलं नाही. तो खोऱ्याचा दांडा काचेच्या तुकड्यानं तासत बसला होता.

दुसऱ्याच दिवशी गणपतरावांनी दोन गडी पाठवले. भात पोटरीवर आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, उंचीनं मांडीला लागत होतं. गड्यांनी दोरी ताणली आणि उभ्या भातातून मेर घालायला सुरुवात केली. दोरीखाली आलेली रोपं उपटून ते बाजूला टाकत होते, त्यांच्या जागी चिखल चढवत होते. त्या दिवशी ज्ञानूच्या वावरात पैऱ्याची भांगलण होती. सहा बायका एका ओळीत भांगलत खालून वर आल्या आणि नव्या मेरेशी येऊन थांबल्या. कमरेवर हात ठेवून सगळ्याजणी सरळ झाल्या. पलीकडं त्यांच्याच हातची साळ होती, तणानं भरलेली.

"पुढं?" बनाबाईनं विचारलं.

"न्हाय," बाळाबाई म्हणाली. आणि ओळ वळली.

क्रांतीनं वळताना पायाखाली बघितलं. उपटलेली रोपं पाण्यात आडवी पडली होती, पोटात कणीस धरलेली. तिला काही वाटायला पाहिजे होतं. बोटं चिखलात होती आणि बोटांनाही काही वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात चार पानं द्यायची होती. मॅडमनी मुद्दे दिले होते. मिळालेली कौशल्यं. आलेल्या अडचणी. सुरक्षितता. मी काय शिकले. क्रांतीनं सोप्यात बसून ती एका बैठकीत लिहून काढली, पुस्तकी भाषेत, चुका न करता. अडचणींत तिनं लिहिलं, 'आमच्या गावात नेटवर्क नाही, टेकडीवर जावे लागते.' शेवटच्या मुद्द्याखाली बराच वेळ काही लिहिलं नाही. मग एक ओळ लिहिली. 'वडिलांना प्रश्न विचारताना तो कोणकोण ऐकणार आहे हे मी त्यांना सांगितले नाही, कारण मलाही ते माहीत नव्हते.'

मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. वही पुढ्यात उघडी होती. त्या ओळीखाली लाल रेघ होती आणि बाजूला 'विस्तार करा' असं लिहिलेलं.

"छान लिहिलंयस," मॅडम म्हणाल्या. "आकडे तर तुझ्याइतके कुणाचेच नाहीत. पण तो मुख्य व्हिडिओ का काढून टाकलास? मूल्यमापनाला लिंक लागते."

"दुसऱ्या एका पेजवर आहे. त्याची चालंल?"

"तुझाच आहे ना? मग चालेल. खाली लिहून दे."

क्रांतीनं फोन उघडला आणि लिंक बघून बघून वहीत उतरवली. लांबलचक, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. एक अक्षर चुकलं, ते तिनं खोडून पुन्हा लिहिलं. मॅडम तिच्याकडं बघत होत्या.

"क्रांती, काही झालंय का?"

"काय न्हाय मॅडम."

"घरी सगळं ठीक?"

"व्हय."

मॅडमनी आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तासाची घंटा झाली. क्रांतीनं वही मिटून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि गाडी चुकू नये म्हणून भराभर जिना उतरली.

गाडी चुकली नाही. घरी आली तर ज्ञानू पायरीवर बसला होता. दिवस मावळायला अजून अवकाश होता. पाऊस थांबला होता आणि डोंगरावरनं ढग खाली उतरत होते. ती दप्तर ठेवायला आत निघाली तसा तो म्हणाला, "ते कचेरीत म्हनत हुते. फोनातली नोंद."

ती थांबली. निकालानंतर बाप तिच्याशी आपण होऊन पहिल्यांदा बोलत होता.

"ती आपल्या ऱ्हायल्याल्या वावराची करायची ऱ्हायली का?"

"ऱ्हायली. दोन दिवस हायत अजून."

"मग चल."

ती दोघं ओघळीकडं गेली. नवी मेर अजून ओली होती, तिच्यावर कुणाच्या तरी पावलांचे ठसे होते. ज्ञानूनं तिकडं बघितलं नाही. मेरेच्या अलीकडं, आपल्या भाताच्या कडेला तो उभा राहिला. क्रांतीनं ॲप उघडलं. गट नंबर टाकला. बराच वेळ चक्र फिरत राहिलं, मग नावांची यादी आली.

"नाव निवडायचं हाय आबा."

"कुटं हाय, बघू."

तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं बोट ठेवलं तर ओल्या बोटानं यादी सरकून वर गेली. तो दचकून मागं झाला, काहीतरी बिघडवल्यासारखा. "काय झालं?"

"काय न्हाय. थांबा." तिनं काच ओढणीनं पुसली, यादी परत खाली आणली, अक्षरं दोन बोटांनी मोठी केली. "ह्ये बघा."

ज्ञानू तिसरीपर्यंत शाळेत गेला होता. त्यानं डोळे बारीक केले. ओठ हलवत, जोडाक्षरापाशी थांबत, तो वाचायला लागला. आधी नाव, मग बापाचं, मग आडनाव. वाचून झाल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"ह्येच का?"

"व्हय. ह्येच."

"दाब."

तिनं दाबलं. मग पीक विचारलं, भात. क्षेत्र विचारलं, ते तिनं चार गुंठे वजा करून टाकलं आणि तसं त्याला सांगितलंही. तो हूं म्हणाला. शेवटी फोटोची खिडकी उघडली. ती दोन पावलं मागं सरली. ज्ञानू घाईनं बाजूला व्हायला लागला, पण कुठं व्हावं ते त्याला कळेना, पायाखाली भात, मागं मेर.

"मी कुटं हुबा ऱ्हाऊ?" त्यानं विचारलं.

त्या फोटोत माणूस लागत नव्हता. नुसतं पीक दिसलं तरी पुरत होतं. क्रांतीला ते माहीत होतं.

"मधी हुबं ऱ्हावा," ती म्हणाली.

ज्ञानू भातात शिरला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत खांद्यावर टाकला. दोन्ही हात खाली सोडून तो सरळ उभा राहिला.  ह्या वेळी तिनं काही विचारलं नाही. फोन स्थिर व्हावा म्हणून तिनं श्वास धरला आणि बटण दाबलं.